वझलवार काकांचा दुसरा आवाज

सुरुवातीलाच माफी मागतो. मला लिहिता येत नाही. म्हणजे परीक्षेतली उत्तरं लिहिली आहेत, पण एखाद्या हयात माणसाबद्दल चार लोकांनी वाचावं असं काही लिहिणं हे मोठ्यांचं काम. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. ते म्हणतात, ज्या इंजिनाला आपला हात लागलेला नाही त्याच्याबद्दल बोलू नये. त्या न्यायाने इथल्या एकाच माणसाबद्दल बोलायचा मला हक्क आहे, कारण त्या माणसाने मला खरोखर कमरेला पट्टा बांधून पळवलेलं आहे. आयर्लंडातल्या मराठी मंडळाच्या अंकाचं काम बघणाऱ्या ताई म्हणाल्या, "मग तेच लिही की." म्हणून लिहितो. चुकलं तर सांभाळून घ्या.

तर, डॉ. मुकुंद वझलवार. साठीला टेकलेले, मूळचे नागपूरचे, ॲथलोन गावाच्या बाहेर एका बंगलीत एकटे राहतात. सरकारी हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ आहेत. मिशी भरघोस, आवाज खर्जातला. आणि हा माणूस दर रविवारी सकाळी जंगलातल्या वाटेवर तीन चाकांच्या गाडीवर उभा राहून, पुढे जुंपलेल्या दोन तरुण हस्की कुत्र्यांना, विशीतल्या आयरिश मुलीच्या आवाजात हाकतो.

"गो वॉन, गो वॉन, या गुड थिंग."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मागे वळून ती मुलगी शोधली होती.

मी मेनूथ विद्यापीठात एमएस्सी करतो. त्यातली इंटर्नशिप ॲथलोनला मिळाली आणि खोली शोधत मी काकांच्या दारात जाऊन उभा राहिलो. दार उघडून त्यांनी नाव विचारलं नाही. विचारलं, "काही खाल्लंस का? कधी?"

मी म्हटलं, "सकाळी. ब्रेड."

"आणि पाणी?"

"आत्ताच प्यायलो, बसमध्ये."

"मग आज नाही जमणार," असं म्हणून त्यांनी दार अर्धं लोटलं आणि पुन्हा उघडलं. "सवय बे. ऑपरेशनचं वाटलं. आत ये, तुला खायला घालतो."

हा प्रश्न ते सगळ्यांना विचारतात. पोस्टमनला, शेजारच्या शेतकऱ्याला, व्हिडिओ कॉलवर माझ्या आईलाही. आई बिचारी दर वेळी खरं सांगायची, अगदी चटणीसकट. भाड्याचा विषय मी भीत भीत काढला तर म्हणाले, "भाडं नको. रविवार दे." त्याचा अर्थ पहिल्या रविवारी कळला. माझं गाव तासगाव, तेव्हा त्या दिवसापासून माझं नावही तासगाव झालं.

स्लेज ओढणारी कुत्री म्हटलं की आपल्याला बर्फ आठवतो. आयर्लंडात बर्फ पडतो तोही पाहुण्यासारखा, चहा न घेता जाणारा. म्हणून इथली हौशी मंडळी गाडीला चाकं लावतात आणि थंडीच्या दिवसांत जंगलातल्या वाटांवर शर्यती घेतात. या प्रकाराला म्हणतात ड्रायलँड मशिंग. मी गेलो त्या एकाही शर्यतीत मला कोरडी जमीन दिसली नाही. पण नावाबद्दल तक्रार करायला कुणाला सवड नसते, सगळे कपड्यांवरचा चिखल खरवडत असतात.

काकांची दोन कुत्री, नावं नागपूरच्या नाश्त्यावरून. तांबूस, तापट ती तर्री. फिकट, शांत, कुठेही पसरणारा तो पोहे. दोघं सख्खी भावंडं. शर्यतीत नावं पुकारणारा माणूस त्यांना "टेरी अँड पोहा" म्हणतो आणि काका दर वेळी माइकजवळ जाऊन दुरुस्त करून येतात. "आयुष्यभर माणसं झोपवली," ते म्हणतात, "आता कुत्री पळवतो. हिशेब बरोबर झाला पाहिजे ना." सुरुवातीच्या रेषेवर पंच पाच-चार-तीन-दोन-एक असं उलटं मोजतो, त्याची त्यांना भारी गंमत वाटते. "आमच्याकडे उलटे आकडे मोजायला लावले की माणूस आडवा होतो. इथे उलटे मोजले की जनावर उठते."

शर्यतीआधी ते दोन्ही कुत्र्यांची ऑपरेशनपूर्व तपासणी करतात. हिरड्या बघतात, वजन बघतात, ॲलर्जी आहे का, एखादा दात हलतो का, हे मोठ्याने विचारतात आणि उत्तरं मी द्यायची असतात. दसऱ्याला त्यांनी दिवाणखान्यात गाडीची पूजा केली. शेजारी कुत्र्यांचे पट्टे आणि घशात नळी घालायचं आपलं अवजार मांडलं. झेंडूची माळ पोह्याने खाल्ली, नारळ तर्रीने पळवला आणि आरती आम्ही बागेत तिच्यामागे धावत पूर्ण केली. शेजारचा शेतकरी कुंपणावरून बघत होता. म्हणाला, "ऑल ग्रँड, डॉक्टर?" काका म्हणाले, "ग्रँड, ग्रँड. रिलिजस फंक्शन."

आता माझ्या पट्ट्याची गोष्ट, या दोघांच्या पहिल्या शर्यतीआधीची. लहान कुत्र्यांची हाडं पक्की होईपर्यंत त्यांना गाडी ओढू देत नाहीत. पण वळायला शिकवता येतं. जी म्हणजे उजवीकडे, हॉ म्हणजे डावीकडे. हे शिकवायला पुढे कुणीतरी जाणता लीडर लागतो. जाणतं कुत्रं घरात एक होतं, मोली, या दोघांची आई. पण ती आता गुडघ्यांनी अधू. म्हणून लीडर मी. माझ्या कमरेला पट्टा, पट्ट्याला दोऱ्या, दोऱ्यांच्या मागच्या टोकाला तर्री आणि पोहे, आणि त्यांच्यामागे सायकलवर काका, त्या बारीक मुलीच्या आवाजात.

"हॉ!"

मी उजवीकडे.

"तासगाव," लगेच मूळ खर्जात, "तू लीडर आहेस बे. लीडर चुकला की अख्खी टीम झाडावर."

महिनाभरात कुत्र्यांआधी मी शिकलो. अजूनही मेनूथच्या फुटपाथवर मागून कुणी "हॉ" म्हटलं तर मी डावीकडे वळेन.

एकदा धीर करून विचारलं, "काका, मराठीत का नाही शिकवत? डावीकडे, उजवीकडे. सोपं आहे."

"कुत्री आयरिश आहेत."

"नावं तर तर्री-पोहे आहेत."

"नाव घरच्यांनी ठेवायचं असते. भाषा..." इथे त्यांनी सायकलची घंटी उगाच दोनदा वाजवली.

तो आवाज त्यांना सहज आलेला नव्हता. संध्याकाळी स्वयंपाकघरात ते मोबाइलवर एक जुना व्हिडिओ लावायचे. त्यात निळ्या जॅकेटमधली एक मुलगी मोलीला वळायला शिकवते आहे. ती "हॉ" म्हणायची, काका व्हिडिओ थांबवून "हॉ" म्हणायचे, मान हलवायचे, पुन्हा लावायचे. "गळा मला पाठ आहे," ते म्हणायचे, "तीस-पस्तीस वर्षं लोकांच्या गळ्यातच बघतो. पण हा आवाज गळ्यातून निघतच नाही. हा वरून येतो, नाकाच्या मागून." मग चहा गार व्हायचा आणि मोली टेबलाखालून आधी मोबाइलकडे, मग काकांकडे बघायची. तिला दोघांतला फरक कळत असणार.

ती मुलगी म्हणजे आदिती, काकांची एकुलती एक. तिची गोष्ट त्यांनी मला गाडी चालवताना सांगितली, रस्त्यावरची नजर न काढता, पेशंटची हिस्टरी सांगावी तशी.

काकू गेल्या तेव्हा आदिती शाळेत होती. घरात काकांचा एकच कायदा: मराठीत बोलायचं. इंग्रजीत काही विचारलं तर म्हणायचे, मला ऐकू येत नाही. आणि खरोखर ऐकायचे नाहीत. मुलगी इथे वाढलेली, मराठी सगळं कळायचं, तोंडातून मात्र ॲथलोनचं इंग्रजी निघायचं. "बाबा, वेअर्स द जॅम?" काका पेपर वाचतायत. "बाबा, द जॅम." काका पान उलटतायत. शेवटी ती स्वतः उठून प्रेस उघडायची. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आणि हा एक शब्द मात्र काकांनाही लागला आहे. आठवड्यातून दोनदा तरी टोस्ट गार व्हायचा, पण कायदा मोडला नाही.

पुढे ती मेडिकलला गेली, दुसऱ्या वर्षानंतर सोडून आली. उत्तर नॉर्वेत स्लेजची कुत्री तयार करतात अशा एका ठिकाणी काम मिळालं होतं. काका बोलले ते बोलले. ते मला त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. निघायच्या सकाळी ती दारात उभी राहून बराच वेळ काहीतरी सांगत होती.

"काय सांगत होती?" मी विचारलं.

"इंग्रजीत होतं," काका म्हणाले.



तेव्हापासून दिवाळीला तिचा एक मेसेज यायचा, 'हॅपी दिवाळी बाबा'. काकांचं उत्तर, 'सेम टू यू', बँकेच्या मॅनेजरला पाठवावं तसं. मोलीला ती इथेच ठेवून गेली होती. मोली रोज दाराशी बसून रडायची, एकदा प्रेस उघडून बासमतीचं अख्खं पोतं घरभर केलं, म्हणून शेवटी काकांनी तिला या शर्यतवाल्यांकडे नेलं. आयुष्यात कुत्र्याला हात न लावलेला माणूस. पुढे तिची पिल्लं झाली, त्यातली दोन ठेवली.

"ही दोघं आदितीमागून जन्मली," काका म्हणाले. "तिला ओळखत नाहीत. उद्या आली समजा, तर निदान तिच्या शब्दावर वळली पाहिजेत. घरात कुणीतरी तिचं ऐकणारं पाहिजे ना बे."

मी म्हटलं, "मग फोन करा की तिला."

"करतो ना. आधी यांची पहिली शर्यत होऊ दे. एकही वळण चुकलं नाही तर करतो."

म्हणजे त्या रविवारी तर्री आणि पोहे कुठे वळतात यावर काय अवलंबून होतं हे त्या जंगलात दोघांनाच माहीत होतं. काकांना आणि मला. मला आदल्या दिवसापासून जेवण गेलं नव्हतं. काकांनी तेही विचारून घेतलं.

सकाळी धुकं होतं. गाड्या एकेक करून सुटतात, त्यामुळे रांग होती. आमच्या मागचा नंबर फियोना नावाच्या उंच बाईंचा. त्या जहाजाने स्कॉटलंडहून आल्या होत्या. त्यांची दोन करडी, तरुण कुत्री शेजारच्या मोकळ्या जागेत इतकी शांत बसली होती की मला हेवा वाटला. आमची तर्री एव्हाना माझा हातमोजा चावत होती. काका गाडीवर उभे. गळा साफ करून ते हळूच त्या आवाजात "गुड गर्ल, गुड लॅड" म्हणत होते. शर्यत जवळ आल्यापासून जंगलात ते कुत्र्यांसमोर मराठी शब्द मोठ्याने काढत नसत. आवाज बिघडतो म्हणायचे.

आमचा नंबर पुकारला आणि नेमकी तर्रीच्या दोरीची कडी अडकली. माझी बोटं थंडीने बधिर. पंचाने घड्याळाकडे बघितलं. मी कडी ओढतोय, ती निघत नाही, पोहे माझ्या पायावर बसलेला. आणि काकांचा धीर सुटला. पोटातून, खर्जात, अख्खं नागपूर बाहेर आलं.

"अबे आवर ना लवकर, उशीर होऊन राह्यला!"

मी आवरण्याआधीच शेजारची ती दोन करडी कुत्री उठली. उठली म्हणजे काय, सुटली. आमच्या बाजूने, पंचाच्या खुर्चीला घासून, फियोनाबाईंना गाडीसकट घेऊन सरळ जंगलात. बाईंचा एक पाय गाडीवर होता, दुसरा कुठे होता ते दिसलं नाही. त्यांची टोपी तेवढी माझ्यापुढे येऊन पडली.

मग कडी निघाली, काका त्या मुलीच्या आवाजात "गो वॉन" म्हणाले आणि आमची गाडीही धुक्यात गेली. मी टोपी हातात धरून उभा.

पुढचं मी पाहिलेलं नाही, ऐकलेलं आहे. आत एक फाटा लागतो. शर्यतीची वाट उजवीकडे, फियोनाबाईंच्या चाकांच्या खुणा डावीकडे. त्या बाजूला पडलेली झाडं होती. काका म्हणाले, "हॉ." पुढे धावणाऱ्या सगळ्या कुत्र्यांचा वास उजवीकडे जात असताना तर्री आणि पोहे पहिल्या शब्दाला डावीकडे वळली. थोड्या अंतरावर बाईंची दोरी एका ओंडक्याला गुंडाळली गेली होती आणि त्या चिखलात बसून हसत होत्या.

अर्ध्या तासाने दोघं चालत परत आली, चारही कुत्री सोबत. इथे शर्यत सोडून मदतीला गेलं की टाळ्या मिळतात, नंबर मिळत नाही. टाळ्या झाल्या. मी थर्मासमधला चहा ओतला. फियोनाबाईंनी टोपी घालून काकांना विचारलं, "तू ते काय ओरडलास मघाशी?"

"कुठे काय. या पोराला घाई करायला सांगितलं."

"माझी कुत्री त्या वाक्यावर सुटतात. मी ते कधी वापरत नाही, मला म्हणताच येत नाही." तरी त्यांनी म्हणून पाहिलं. "उशी-रोन-रायला." करड्या कुत्र्यांनी कान टवकारले, पण पटलं नाही म्हणून तशीच राहिली. "उत्तर नॉर्वेतून घेतली मी ही. तिथे एक आयरिश मुलगी आहे, आदिती. पिल्लं तीच तयार करते. म्हणते, या वाक्याला जगात कुणीही उठतं. ती स्वतः शाळेसाठी रोज यावरच उठायची."

काकांनी हातातला चहाचा कप मोटारीच्या टपावर ठेवला. मला वाटलं आता ते विचारतील, कशी आहे, काय म्हणते. त्यांनी विचारलं, "जेवते का वेळेवर?"

फियोनाबाईंना तो प्रश्न विचित्र वाटला नाही. त्या म्हणाल्या, "गंमत म्हणजे तेच. संध्याकाळी भांडं खाली ठेवण्याआधी ती एकेकाला काहीतरी विचारते. विचारल्याशिवाय वाढत नाही. ही दोघं माझ्याकडे अजून थांबून राहतात, माझ्या तोंडाकडे बघत. काय विचारायचं ते मला कुठे माहीत."

काका चिखलात गुडघ्यावर बसले. करड्या कुत्र्यांच्या तोंडाजवळ तोंड नेऊन, आपल्या खऱ्या आवाजात, अगदी हळू म्हणाले, "काही खाल्लं का रे? कधी?"

दोघं खाली बसली. ताठ, शेजारी शेजारी, कुणीतरी हजेरी घेतल्यासारखी. फियोनाबाईंनी मोबाइल काढून ते टिपलं. काका त्यानंतर बराच वेळ तर्रीचा पट्टा सोडत होते. पट्ट्याला एकच बक्कल असतं.

परतीच्या वाटेवर मी म्हटलं, "काका, वळण चुकलं नाही. फोन."

"शर्यत पुरी कुठे झाली," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "डोस ठरवू दे बे. काय बोलायचं त्याचा."

तो डोस संध्याकाळपर्यंत ठरला नाही. रात्रीचं जेवण होईपर्यंत मोबाइल तीनदा हातात आला आणि तीनदा उलटा ठेवला गेला.

सोमवारी सकाळी आम्ही नाश्त्याला बसलो होतो. मोली टेबलाखाली, तर्री आणि पोहे शेगडीजवळ पसरलेली. मोबाइल वाजला. काकांनी चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

मेसेज आदितीचा होता. इंग्रजीत. मराठीत सांगायचं तर असा: 'बाबा, फियोनाने व्हिडिओ पाठवला. तू माझ्यासारखं ओरडतोस असं ती सांगते. तिने नक्कल करून दाखवली, अगदीच भयंकर आहे. ख्रिसमसला घरी येतेय. मी येईपर्यंत पोरांना आणखी काही शिकवू नकोस.'

"इंग्रजीत आहे," मी म्हटलं.

"ऐकू आलं," काका म्हणाले.

मग त्यांनी मेसेज पहिल्यापासून मोठ्याने वाचायला घेतला, शब्दन् शब्द, तिच्या आवाजात. दुसऱ्या ओळीला तर्री आणि पोहे उठली आणि दाराशी जाऊन उभी राहिली.